चौरंगावरचा लुआन

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

हे सांगणारी थोआमावशी. माझ्या सासूची धाकटी बहीण. सायगावच्या खाली दक्षिणेत, सा डेकच्या बाजारात तिने तीस वर्षं मासळी विकली. शिळा मासा ताजा म्हणून तिच्या गळ्यात कोणी मारू शकलं नाही, तिथे भुताची गोष्ट कोण मारणार?

पहिल्यांदा ऐकताना मी हसलो होतो. तिने हातातली सुरी पाटावर ठेवली.

"हस. पण हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ऐकायचं तर ऐक, नाहीतर चालता हो."

मी बसून राहिलो.

साल १९७२. जून महिन्याची अखेर. आणि वेळ म्हणाल तर रात्रीची नाही...

भर दुपारी बाराची.

तेव्हा थोआ बावीस वर्षांची होती. वडील आधीच गेलेले. थोरली बहीण, म्हणजे माझी सासू, लग्न होऊन सासरी गेलेली. घरात आई, थोआ आणि लढाईवर गेलेला तिचा थोरला भाऊ, लुआन.

एप्रिलमध्ये लढाईवरून पेटी आली. जस्ताची, झाळून बंद केलेली. सोबतच्या हवालदाराने सांगितलं, उघडू नका, आत बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. अंगावरच्या सदऱ्याच्या खिशात लुआनचं ओळखपत्र सापडलं होतं. फोटो रक्ताने पुसून गेलेला, पण नाव वाचता येत होतं. तेवढ्यावरून ओळख पटली.

पेटी मागच्या बागेत लाँगनच्या, म्हणजे लिचीसारख्या फळांच्या झाडांखाली पुरली.

घरात लुआनचा एकच फोटो होता, अंगठ्याच्या नखाएवढा. तो आईने बाजारातल्या चित्रकाराला दिला. मेलेल्या माणसांची मोठी चित्रं काजळीच्या भुकटीने काढणं, हाच त्याचा धंदा. चित्र हुबेहूब उतरलं. मूळ फोटो मात्र त्या वेंधळ्याने हरवला. काचेत बसवलेलं ते चित्र, वर काळी फीत बांधून, पितरांच्या चौरंगावर आजोबांशेजारी गेलं.

आमच्याकडे गेलेल्या माणसाला शंभर दिवस जेवू घालतात. रोज दुपारी बाराला आई चित्रापुढे भाताची वाटी, जेवायच्या काठ्या आणि पाण्याचा पेला मांडायची. उदबत्ती लावायची. मग हाक मारायची.

"लुआन, ये बाळा. जेवून घे."

असे सत्तर दिवस गेले.

एकाहत्तराव्या दिवशी सायगावहून पत्र आलं. वाकडंतिकडं अक्षर, पण ओळखीचं.

'आई, मी जिवंत आहे. इस्पितळात आहे. बोलता येत नाही. लुआन.'

थोआ ओरडली, नाचली, शेजाऱ्यांना बोलावून आली. आई उंबऱ्यावर बसून राहिली. तिथूनच तिने विचारलं...

"मग बागेत कोण आहे?"



थोआ सायगावला गेली तेव्हा तिला भाऊ ओळखू आला नाही. डोळे सोडून सगळा चेहरा पट्ट्यांत होता. तिने चादर वर केली आणि डावा पाय बघितला. जन्मापासून जुळलेली दोन बोटं दिसली, तेव्हा ती मोठ्याने रडली.

"आली वाटतं नकटी!" शेजारच्या खाटेवरून आवाज आला. "हा पाटीवर दिवसभर तुझ्याच नावाने खडू झिजवतो."

तो फात. त्याचा डावा हातच उचलून तोंडावर शिवला होता. दंडाचं कातडं ओठाला लावलेलं. ते तिथे धरेपर्यंत हात तसाच डोक्यावर बांधून ठेवायचा.

"तीन आठवडे स्वतःच्याच काखेचा वास घेतोय, ताई," फात म्हणाला. "लढाई बरी होती."

लुआनच्या जबड्याला तार घातली होती. वरचा ओठ शिवला होता. नाक मात्र राहिलंच नव्हतं. कालच डॉक्टर ख्येमनी त्याच्या कपाळाचं कातडं अर्ध्या बाजूने सोडवून, पिळून खाली आणलं होतं आणि त्याचं नाक घडवलं होतं. भुवईपाशी एक देठ तसाच ठेवला होता. त्यातून नव्या नाकाला रक्त मिळत राहायचं. तीन आठवड्यांनी कातडं नव्या जागी रुजलं की देठ कापायचा.

"ही युक्ती मूळ हिंदुस्थानातल्या कुंभारांची," डॉक्टर म्हणाले. "मडकी घडवणारे हात. माझे त्यांच्याइतके चांगले नाहीत, पण बघू."

रोज पट्टी उघडली की ते नव्या नाकावर बोट दाबायचे. कातडं पांढरं पडायचं आणि लगेच गुलाबी व्हायचं. गुलाबी म्हणजे जिवंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात भाताची पेज आली. थोआने नळी लावलेलं भांडं हातात घेतलं. घड्याळात बारा वाजले.

लुआन ताठ झाला...

त्याने मान दाराकडे वळवली. कोणीतरी हाक मारल्यासारखी.

दारात कोणीही नव्हतं.

मग त्याचे डोळे स्थिर झाले. घसा हलू लागला. एक घोट. दुसरा. तिसरा. तोंडात काही नसताना तो गिळत होता. दहा मिनिटं हे चाललं. मग त्याने पाटी ओढली आणि लिहिलं...

'पोट भरलं.'

पेजेचं भांडं त्याने हाताने दूर सारलं. थोआ त्याची उशी नीट करायला वाकली आणि तशीच थांबली. त्याच्या श्वासाला उदबत्तीचा वास येत होता.

"हे रोजचंच," फात म्हणाला. "बारा वाजले की ह्याला कुठून पंगत मिळते देव जाणे. सकाळी दोन घोट घेतो, मग रात्रीही शिवत नाही अन्नाला. ताई, त्याला म्हणावं, आम्हालाही पत्ता दे."

तो हसला, पण त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

तिसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला तेच झालं. लुआन गिळत होता आणि थोआ नाकाकडे बघत होती. शेंडा जांभळा पडला. मग निळा. मग...

काळा.

डॉक्टर धावत आले. टाके सैल केले, गरम पाण्याचे बोळे ठेवले, देठ चोळला. काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी त्यांना ते नाक काढून टाकावं लागलं.

"हा वाळतोय," त्यांनी थोआला बाहेर घेऊन सांगितलं. "उपाशी माणसाचं कातडं रुजत नाही. ह्याच्या कपाळाच्या दुसऱ्या बाजूला आणखी एका नाकापुरतीच जागा आहे. तेही गेलं तर जन्मभर तोंडावर भोक घेऊन फिरेल. त्याला जेवायला लावा. आणि आधीचा एखादा फोटो आणा, म्हणजे होतं तसं नाक करता येईल."

फोटो! घरात आता ते चित्र तेवढं होतं, आणि ते कुठे होतं हे डॉक्टरांना सांगायची तिला लाज वाटली. पेटीचं तिने लुआनलाही सांगितलं नव्हतं. आजारी माणसाला कशाला?

ती घरी पोचली तेव्हा दुपारचे बारा वाजत होते. अंगणातच तिच्या कानावर आलं...

"लुआन, ये बाळा. जेवून घे."

थोआच्या अंगावर काटा आला. आई अजून वाटी मांडत होती.

"आई! दादा जिवंत आहे! जिवंत माणसाला मेलेल्याच्या जेवणाला बोलावतेस?"

"त्याला नाही गं बोलावत," आई म्हणाली. "बागेतल्याला बोलावते. तोही कोणाचं तरी पोरच ना? त्याचं नाव मला ठाऊक नाही, तोंड ठाऊक नाही. सत्तर दिवस तो ह्याच हाकेला येतोय, ह्याच चेहऱ्याने जेवतोय. आता शंभर व्हायच्या आत भरल्या ताटावरून उठवू त्याला?"

"आणि दादा तिकडे वाळतोय त्याचं काय? तुझी हाक तिथे पोचते, आई. ह्या वाटीने त्याचं पोट भरतं आणि खरं अन्न तो घेत नाही!"

आई मागे वळली. तिने चौरंगाकडे बघितलं. थोआनेही बघितलं.

भाताच्या मधोमध खळगा पडला होता...

घासाएवढा. काठ्या कोरड्याच होत्या.

थोआने झटक्यात चित्र उचललं.

"डॉक्टरांना हवंय. मी नेते."

"नेतेस?" आई घाबरून म्हणाली. "मग उद्या तो काय बघून येईल?"

बसमध्ये आणि पुढे नदीच्या तरीवर थोआने चित्र मांडीवर धरलं होतं. सारखी चित्रातल्या भावाकडे बघत होती. रुंद कपाळ, सरळ नाक, खोल गेलेले गाल. तिच्या नकटेपणावरून तिला छळणारा तिचा देखणा भाऊ.

तरीची नाव नदीच्या मधोमध आली तेव्हा तिला दिसलं. काचेच्या आतून, बरोबर नाकाखाली, थोडी वाफ धरली होती...

ती विरली.

पुन्हा धरली. पुन्हा विरली.

तिने चित्र पालथं केलं आणि किनारा येईपर्यंत डोळे मिटून घेतले.

इस्पितळात तिने काळी फीत काढायला हवी होती. घाईत राहून गेली. लुआनने चित्र बघितलं, फीत बघितली आणि सगळं ओळखलं. तिला पेटीचं सांगावंच लागलं. सदरा, खिशातलं ओळखपत्र, बागेतली जागा.

लुआनने पाटी घेतली. लिहीत गेला, पुसत गेला.

'पेटीत कोण आहे, मला माहीत आहे.'

गोळा फुटला तेव्हा तो एका खड्ड्यात पडला होता. भर दुपार होती. खड्ड्यात आधीच एकजण होता. शत्रूच्या बाजूचा, बोली उत्तरेकडची. लुआनच्या डोळ्यांत रक्त गेलं होतं, त्याला काही दिसत नव्हतं. तो मुलगा उन्हातही कुडकुडत होता. लुआनने आपला सदरा काढून त्याच्या अंगात चढवला. मग दोघं हात धरून पडून राहिले. मुलाने आपलं नाव सांगितलं, पण लुआनचे कान वाजत होते. एवढंच कळत होतं की तो पुन्हा पुन्हा एकच म्हणतोय.

भूक लागलीय. चार दिवस जेवलो नाही. भूक लागलीय.

नंतर पुन्हा तिथेच दुसरा गोळा पडला. पुढचं लुआनला आठवत नव्हतं.

डॉक्टर येऊन उभे राहिले होते. त्यांनी चित्र हातात घेतलं.

"छान. एवढं पुरे. असंच नाक करतो."

लुआनने मान हलवली. नाही. पाटीवर लिहिलं...

'हा चेहरा आता त्याचा आहे. त्याच्याकडे दुसरा नाही. मला वेगळं नाक द्या. कुठलंही.'

"कुठलंही?" डॉक्टर चिडले. "नाक म्हणजे काय चप्पल आहे, पायात येईल ती घालायला? मला काहीतरी नमुना लागतो, बाबा!"

लुआनचे डोळे थोआकडे वळले. डॉक्टरांचेही.

"माझं?" थोआ म्हणाली. "अहो, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझं नाक घेऊन ह्याने काय मिळवायचं?"

"घे घे!" फात ओरडला. "जन्मभर चिडवलंस ना तिला? भोग आता!"

हसता हसता त्याचे टाके ओढले गेले आणि तो विव्हळला. लुआनचे खांदे हलत होते. तो हसत होता. थोआला वाटलं, माझा भाऊ परत मिळाला. नाक कसं का असेना.

डॉक्टरांनी तिच्या नाकावर मेण थापून साचा घेतला. ती दुसऱ्याच दिवशी चित्र घेऊन घरी गेली, आईला सगळं सांगितलं, चित्र जागेवर ठेवलं आणि उलट पावली परतली. ती पोचायच्या आतच लुआनच्या कपाळाची उरलेली बाजू खाली आली होती. लहान, बसकं, गुलाबी नाक.

पुन्हा तिसरा दिवस उजाडला.

पावणेबारा. पेज आली.

बारा.

डॉक्टर खाटेपाशी येऊन उभे राहिले. फात उठून बसला. वॉर्डातला पंखा तेवढा कुरकुरत होता.

लुआनने डोळे मिटले. नाकाचा शेंडा जांभळा पडू लागला...

थोआने त्याचा हात घट्ट धरला. तिला ओरडायचं होतं. जाऊ नकोस दादा, आई तुला नाही बोलावत. 

शेंडा निळा झाला...

आणि तिथेच थांबला.

मिनिटभर तसाच. मग देठाकडून रंग परत यायला लागला. हळूहळू. डॉक्टरांनी बोट दाबलं. पांढरं. सोडलं. गुलाबी.

लुआनने डोळे उघडले. ह्या वेळी त्याने दाराकडे बघितलं नाही. चाचपडत पाटी घेतली आणि एकच शब्द लिहिला.

'भूक.'

त्याने दोन भांडी पेज संपवली. तिसरं फातचं होतं. फातने तेही दिलं आणि मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ रडला.

त्या दुपारी घरी काय घडलं ते आईने नंतर सांगितलं. तिने वाटी मांडली, उदबत्ती लावली आणि म्हणाली, "लुआन माझा घरी येणार आहे. तू लुआन नाहीस, मला कळलंय. पण चेहरा तुझाच राहू दे. वाटीही तुझीच. तू माझा धाकटा. ये बाळा." उदबत्ती बुडापर्यंत जळली. राख एकदाही गळून पडली नाही. जेवण पोचल्याची ती खूण.

लढाई संपली. लुआन घरी आला. बोलणं जरा गेंगाणं, पण कळायचं. लग्न झालं, मुलं झाली, बाग वाढवली. दोघं भावंडं शेजारी उभी राहिली की गावातली माणसं म्हणायची, नाकावरूनच कळतंय, एकाच आईची.

आई वारल्यावर वाटीचं काम लुआनने घेतलं. शंभर दिवस कधीच संपले होते, पण त्याने ते बंद केलं नाही. रोज दुपारी बाराला तो स्वतःच्या जुन्या चित्रापुढे भात ठेवायचा. नवखा माणूस बघून दचकायचा. आम्हाला सवय झाली होती. देवघरातल्या वस्तूकडे रोज निरखून कोण बघतं?

सत्तावीस वर्षं गेली.

१९९९ चा एप्रिल. दुपारी बाराला पाच मिनिटं कमी होती. थोआ भावाकडे मासे द्यायला आली होती. दाराशी एक म्हातारी उभी होती. उत्तरेकडची, थाय बिन्हची. हातात कापडी पिशवी. मुलाच्या अस्थी शोधत ती सात वर्षं दक्षिणेत हिंडत होती. तरीवरच्या माणसाने तिला सांगितलं होतं, लुआनच्या बागेत एक बिननावाची कबर आहे.

"आत या, आजी," लुआन म्हणाला. "आधी दोन घास खा. मग बागेत जाऊ."

म्हातारी आत आली. लुआनकडे बघून बोलत होती. बोलता बोलता तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली...

चौरंगाकडे.

"विन्ह," ती म्हणाली.

ती चपला न काढताच पुढे गेली. पिशवीतून एक फोटो काढून तिने चित्राच्या काचेला टेकवला. एक कोवळा, हाडकुळा मुलगा. डाव्या डोळ्याखाली तीळ.

थोआने चित्राकडे बघितलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच नीट बघितलं.

डाव्या डोळ्याखाली तीळ होता...

लुआनला कधीच तीळ नव्हता. हेच चित्र थोआने मांडीवर घेऊन सायगावपर्यंत नेलं होतं. तेव्हाही नव्हता. देवाची शपथ घ्यायला ती आजही तयार आहे.

लुआन भिंतीला टेकला होता. त्याच्या हातात भाताची वाटी होती.

म्हातारीने काचेवरून हात फिरवला. कपाळावरून, नाकावरून. मग गालांवर येऊन तिचा हात थांबला.

"घरून निघाला तेव्हा नुसती काडी होता," ती म्हणाली. "आमच्याकडे तेव्हा खायला नव्हतं हो. उपाशीच गेला. आणि इथे बघा. गाल कसे भरलेत."

खरंच भरले होते. चित्रातला मुलगा गुबगुबीत दिसत होता.

ती वळली. दोघांकडे आळीपाळीने बघत तिने विचारलं...

"माझ्या लेकराला जेवू कोणी घातलं?"

लुआन पुढे आला. त्याने वाटी तिच्या हातात दिली. ती तिने चित्रापुढे ठेवली. हाक मारायची वेळ झाली होती. ह्या वेळी ती खऱ्या नावाने मारली गेली.

म्हातारी अस्थी घेऊन गेली. चित्रही घेऊन गेली. लुआनही पुढे पाच वर्षांनी वारला. चौरंगावर त्याचा फोटो आहे, बसक्या नाकाचा.

लुआनचा आधीचा चेहरा आता कुठेच नाही. थोआमावशी आठवायला बसते, डोळे मिटते, पण दर वेळी तिला तीळच दिसतो. भाऊ दिसत नाही. हे सांगताना ती रडते. आणि ती बाई रडणाऱ्यातली नाही.

"काजळीचं चित्र, मावशी," मी म्हणालो. "ओल लागून डाग पडला असेल."

"असेल," ती म्हणाली. "आणि गाल?"

मी त्यावर खूप विचार केला. ओलीने डाग पडतो, गाल भरत नाहीत. आमच्या घरात आता दुपारी बाराला कोणी कोणाला लांबून नावाने जेवायला बोलावत नाही. उठून जातो, खांद्याला हात लावतो, माणूस तिथे आहे ना ते बघतो. मग म्हणतो, चल, पान वाढलंय.